गाइडचा एच-इंडेक्स 34 आहे, म्हणून तिथेच जायचं का?

प्रश्न : माझी मुलगी लातूरला एम.एस्सी. बायोटेक्नॉलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिला मॉलिक्युलर बायॉलॉजीत पीएच.डी. करायची आहे. पुण्यातल्या दोन गाइडची नावं तिने काढली आहेत. गूगल स्कॉलर या संशोधन-पेपर शोधायच्या संकेतस्थळावर सरांचे 4,800 सायटेशन (इतर पेपरांत आलेले संदर्भ) आहेत, एच-इंडेक्स 34, पहिला पेपर 32 वर्षांपूर्वीचा. मॅडमचे 620 सायटेशन, एच-इंडेक्स 13, पहिला पेपर 10 वर्षांपूर्वीचा. माझा भाचा म्हणतो, आकडे बघा आणि सरांकडे पाठवा. शिवाय एक जण 12,000 रुपयांत 15 दिवसांत मुलीच्या नावावर पेपर छापून देतो म्हणतो, त्याने प्रवेशाला फायदा होतो म्हणे. या सगळ्याला किती वर्षं लागतील आणि तोवर तिचा खर्च कसा भागेल? – एक पालक, लातूर

उत्तर : नमस्कार. 12,000 रुपयांचं आधी मिटवू : देऊ नका. कारण पुढे येईलच.

भाच्याचे आकडे बरोबर असतील, पण ते गाइडचे आहेत. तुमच्या मुलीला पाहायचंय ते वेगळं : त्या लॅबमधून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांच्या नावावर काय लागलं आणि त्याला किती वर्षं गेली. गूगल स्कॉलरच्या चौकटीत हे दिसत नाही, एकेक पेपर उघडून वाचावं लागतं.

आधी तो एच-इंडेक्स. कॅलिफोर्नियातले भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी 2005 मध्ये तो मांडला. एखाद्याच्या जितक्या पेपरांना किमान तितके सायटेशन आहेत, तो आकडा म्हणजे एच-इंडेक्स. समजा, कोणाचे सहा पेपर आहेत आणि त्यांना अनुक्रमे 40, 22, 9, 6, 5 आणि 3 सायटेशन आहेत. किमान 5 सायटेशन असलेले पेपर पाच आहेत, पण किमान 6 असलेले सहा नाहीत. म्हणून एच-इंडेक्स 5. या आकड्याची खोड अशी की तो कधी कमी होत नाही. माणसाने काम थांबवलं तरी जुन्या पेपरांच्या जोरावर तो वाढत राहतो. म्हणून हिर्श यांनीच त्याला कामाच्या वर्षांनी भागायला सुचवलं होतं. सरांचे 34 भागिले 32, म्हणजे 1.06. मॅडमचे 13 भागिले 10, म्हणजे 1.3. एवढ्यावर मॅडम सरस ठरत नाहीत, पण भाच्याचा हिशेब मात्र टिकत नाही.

आता लेखकांचा क्रम. गणितात नावं बहुधा अक्षरानुक्रमे येतात, मॉलिक्युलर बायॉलॉजीत तसं नसतं. पहिलं नाव ज्याने बेंचवर हाताने काम केलं त्याचं, शेवटचं ज्याची लॅब आणि ज्याची ग्रँट (संशोधनाचा निधी) त्याचं. मधली नावं मदतीची. सरांच्या पेपरांची यादी सायटेशनच्या उतरत्या क्रमाने लावून वरचे तीन पेपर उघडा. त्यातला एखादा शे-दोनशे लेखकांचा, अनेक देशांनी मिळून केलेला असेल आणि सरांचं नाव मध्ये कुठेतरी असेल, तर त्या पेपरचे हजार-दीड हजार सायटेशन मनातून वजा करा. एखादा रिव्ह्यू, म्हणजे आधीच्या संशोधनाचा आढावा असेल तर तोही बाजूला ठेवा. रिव्ह्यूला संदर्भ भराभर मिळतात, पण त्यात नवा प्रयोग नसतो. मॅडमच्या बाबतीत उलट बाजू तपासा. त्यांचे सर्वात गाजलेले पेपर त्यांच्या पीएच.डी.च्या किंवा परदेशातल्या पोस्टडॉकच्या (पीएच.डी.नंतरच्या संशोधनाच्या) काळातले, दुसऱ्याच्या मोठ्या लॅबमधले असू शकतात. स्वतःची लॅब सुरू केल्यावर शेवटच्या जागी त्यांचं नाव असलेले पेपर किती? एकही नसेल आणि लॅब सुरू होऊन पाच-सहा वर्षं झाली असतील, तर थोडं थांबून विचार करावा.

यादी खरंच त्यांची आहे का, हेही पाहा. गूगल स्कॉलर नावावरून पेपर आपोआप जोडतं. 'एस. पाटील' किंवा 'ए. कुलकर्णी' नावाचे संशोधक महाराष्ट्रात किती असतील, याचा अंदाज तुम्हाला आहेच. ऊस, सिमेंट आणि जनुकं असे तीन विषय एकाच प्रोफाइलमध्ये दिसले, तर तिथे दुसऱ्याचे पेपर शिरलेत. स्कोपस किंवा वेब ऑफ सायन्स या निवडक जर्नलांच्या सूचींवर त्याच व्यक्तीचा आकडा कमी दिसला तर घाबरू नका. गूगल स्कॉलर प्रबंध, प्रीप्रिंट (परीक्षणाआधीचे मसुदे), पुस्तकातली प्रकरणं सगळंच मोजतं.

मोठा आकडा म्हणजे मोठा शोध, असंही नसतं. 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकाने 2014 मध्ये सर्वाधिक सायटेशन असलेल्या 100 पेपरांची यादी काढली. पहिला क्रमांक जैवरसायनशास्त्रज्ञ लाउरी यांच्या 1951 च्या पेपरचा होता, तीन लाखांहून अधिक सायटेशनसह. तो आहे प्रथिनांचं प्रमाण मोजण्याच्या पद्धतीवर. डीएनएच्या दुहेरी सर्पिलाचा 1953 चा पेपर मात्र त्या शंभरात नाही. रोजच्या कामाची पद्धत प्रत्येकाला नमूद करावी लागते, पाठ्यपुस्तकात गेलेल्या शोधाचा संदर्भ द्यायची गरज उरत नाही. म्हणूनच कर्करोगावर काम करणाऱ्या लॅबचे आकडे ज्वारीच्या जनुकांवर काम करणाऱ्या लॅबशी ताडून पाहू नयेत. ज्वारीवरचे पेपर वाचणारेच थोडे असतात.

कमी आकडा पाहून कोणाला मोडीतही काढू नये. जैवरसायनशास्त्रज्ञ कातालिन कारिको यांना 1995 मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात खालच्या पदावर आणलं, कारण एमआरएनए या, पेशीला प्रथिन बनवायची सूचना देणाऱ्या रेणूवरच्या कामाला ग्रँट मिळत नव्हती. सहकारी ड्र्यू वाइसमन यांच्यासोबतचा त्यांचा बदललेल्या न्यूक्लिओसाइडवरचा (एमआरएनएच्या घटकांवरचा) पेपर 'नेचर'ने नाकारला, तो 2005 मध्ये 'इम्युनिटी' या जर्नलमध्ये आला आणि फारशी दखल न घेता पडून राहिला. कोविडच्या एमआरएनए लसी त्याच कामावर उभ्या राहिल्या आणि 2023 चं नोबेल दोघांना मिळालं. अर्थात, पालक म्हणून तुम्ही एवढी वर्षं वाट पाहण्याची जोखीम घ्यावी, असं मी म्हणत नाही.

आता मुख्य काम. शोधगंगा या संकेतस्थळावर विद्यापीठांचे प्रबंध असतात. तिथे गाइडच्या नावाने शोधा, गेल्या दहा वर्षांतले प्रबंध उघडा आणि नोंदणी व सादर केल्याची वर्षं टिपून घ्या. मग त्या प्रत्येक विद्यार्थ्याचं नाव पबमेड या जीवशास्त्र-वैद्यक पेपरांच्या सूचीवर टाका. पहिला लेखक म्हणून एक तरी पेपर आहे का? कधी आला? पाच विद्यार्थ्यांपैकी चौघांचा पहिल्या जागेवरचा पेपर आणि साडेपाच-सहा वर्षांत प्रबंध, हे चांगलं लक्षण. पाचपैकी तिघं मधल्या जागांवरच दिसत असतील आणि प्रबंधाला आठ वर्षं लागली असतील, तर एच-इंडेक्स 34 असो की 64, उपयोग नाही. नोंदणी कुठे होते तेही विचारून ठेवा : पुण्यातल्या एनसीसीएस या पेशीविज्ञान संस्थेचे अनेक विद्यार्थी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात नोंदणी करतात, आयसर ही केंद्राची विज्ञान संस्था स्वतःची पदवी देते आणि एनसीएल या रसायन प्रयोगशाळेसारख्या सीएसआयआरच्या (वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या) प्रयोगशाळांतली पदवी एसीएसआयआर या त्यांच्या अकादमीची असते. आयसर किंवा एसीएसआयआरचा प्रबंध शोधगंगेवर सापडला नाही, तर त्या संस्थेच्या ग्रंथालयाच्या पानावर पाहा.

सरांबाबत एक गोष्ट आजच विचारा. पहिला पेपर 32 वर्षांपूर्वीचा, म्हणजे निवृत्ती फार लांब नसेल. यूजीसीच्या 2022 च्या नियमांप्रमाणे निवृत्तीला तीन वर्षांहून कमी अवधी उरला असेल तर नवा पीएच.डी. विद्यार्थी घेता येत नाही. प्रोफेसरला एका वेळी 8, असोसिएटला 6 आणि असिस्टंट प्रोफेसरला 4 विद्यार्थीच घेता येतात, त्यामुळे जागा आहे का हाही खरा प्रश्न आहे. नियमाने घेता आलं तरी, साडेतीन वर्षं उरलेल्या गाइडकडे सहा वर्षांचं काम सुरू केलं की शेवटी लॅबची किल्ली दुसऱ्याच्या हातात जाते.

दोन्ही नावं पबपीअरवरही टाकून बघा, तिथे छापून आलेल्या पेपरांतल्या चुकांवर लोक टिप्पण्या करतात. मॉलिक्युलर बायॉलॉजीत बऱ्याच तक्रारी वेस्टर्न ब्लॉटच्या (प्रथिनं पट्ट्यांच्या रूपात दाखवणाऱ्या चाचणीच्या) चित्रांच्या असतात, एकच पट्टी उलटी करून दुसरीकडे लावलेली. एलिझाबेथ बिक आणि सहकाऱ्यांनी 2016 मध्ये 20,621 पेपर तपासले, त्यात 3.8 टक्क्यांत अशी संशयास्पद चित्रं सापडली. एखादी टिप्पणी असली तर गाइडने तिला काय उत्तर दिलं ते वाचा. मूळ ब्लॉट दाखवला असेल तर विषय संपला. सात-आठ पेपरांवर टिप्पण्या आणि एकालाही उत्तर नाही, तर त्या लॅबपासून दूर राहा.

आता तो 12,000 वाला. खऱ्या जर्नलमध्ये परीक्षकांचं मत यायलाच दोन-तीन महिने लागतात. मग ते आणखी एक नॉकआउट (जनुक बंद पाडून करायचा प्रयोग) करून दाखवा म्हणतात आणि सहा महिने जातात. 15 दिवसांत परीक्षण होत नाही, फक्त छपाई होते. 'गूगल स्कॉलरवर दिसेल' या आश्वासनाला अर्थ नाही, तिथे काहीही दिसतं. यूजीसी-केअर या मान्य जर्नलांच्या यादीचं नाव कोणी घेतलं, तर ती फेब्रुवारी 2025 मध्येच बंद झाली आहे. प्रबंध सादर करण्यापूर्वी पेपर हवाच, ही यूजीसीची अटही 2022 पासून नाही, विद्यापीठांचे स्वतःचे नियम मात्र असू शकतात. तोटा प्रत्यक्ष होतो : मुलाखतीत समिती असा पेपर वाचून 'ही आकृती कशी काढली' विचारते आणि मुलगी गप्प होते. पुढे ते नाव मागे लागतं ते लागतंच.

नावावरून आठवलं. तिचा पहिला खरा पेपर येईल त्याआधी नावाचं एकच इंग्रजी स्पेलिंग ठरवा आणि ऑर्किडचा (ORCID) 16 अंकी क्रमांक काढा, ती संशोधकाची कायमची ओळख असते, तो फुकट मिळतो. आपल्याकडे वडिलांचं नाव कधी मध्ये असतं कधी नसतं, लग्नानंतर आडनाव बदलतं आणि एकाच बाईचे सायटेशन तीन नावांत वाटले जातात. कागदोपत्री आडनाव बदललं तरी पेपरवर जुनं चालतं.

खर्चाचं. सीएसआयआर-यूजीसी नेट या राष्ट्रीय परीक्षेतून जेआरएफ (ज्युनियर रिसर्च फेलोशिप) मिळाली तर 1 जानेवारी 2023 पासूनच्या दराने पहिली दोन वर्षं महिना 37,000 आणि पुढची तीन वर्षं 42,000 रुपये, वर शहराप्रमाणे घरभाडेभत्ता. फेलोशिपचे पैसे कधी रखडतात, म्हणून सुरुवातीला तीन महिन्यांचा पुण्यातला खर्च हाताशी ठेवा. लाइफ सायन्सेसचा पेपर 200 गुणांचा, तीन तासांचा. क भागात 75 पैकी 25 प्रश्न सोडवायचे, प्रत्येकी 4 गुण, म्हणजे अर्धी परीक्षा तिथेच. प्रश्न प्रयोगाच्या निकालावरून अर्थ काढायचे असतात, पाठांतर उपयोगी पडत नाही आणि चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांचा पाव भाग कापला जातो. जेआरएफ हुकली तरी 2024 पासून नेटच्या गुणांवर पीएच.डी. प्रवेश मिळू शकतो : 70 टक्के भार नेटचा, 30 टक्के मुलाखतीचा, गुण एक वर्ष चालतात. मात्र तेव्हा पैसे कुठून येणार हे गाइडला आधीच विचारा.

वर्षं धरा साडेपाच ते सहा, फेलोशिप पाच वर्षांची. मधला फरक बहुतेकदा पहिल्या दीड वर्षात तयार होतो. क्लोनिंग (जनुकाच्या प्रती बनवणं) जमत नाही, परदेशातून मागवलेली अँटिबॉडी (ठरावीक प्रथिन ओळखणारा रेणू) भलत्याच जागी पट्टी दाखवते. पेशींत मायकोप्लाझ्मा हा सूक्ष्म जिवाणू शिरला तर त्या वाढवायचं माध्यम गढूळही होत नाही, पीसीआरसारखी डीएनए शोधणारी चाचणी केल्याशिवाय कळत नाही आणि तीन महिन्यांचे निकाल फेकावे लागतात. ज्या लॅबमध्ये दर महिन्याला ही चाचणी होते, तिथे हे कमी घडतं. सहाव्या वर्षी पगार कुठून मिळतो, हे जुन्या विद्यार्थ्यांना विचारा. शिक्षक व्हायचं असेल तर त्यापुढे तीन ते पाच वर्षं पोस्टडॉक. भारतात रिसर्च असोसिएटला (पीएच.डी. झालेल्या संशोधकाला) महिना 58,000 रुपयांपासून सुरुवात. लस, निदान-किट किंवा कंत्राटी संशोधनाच्या कंपनीत जायचं असेल तर तिथे सायटेशन कोणी विचारत नाही, हातात काय येतं ते विचारतात.

मुलीला सांगा, या आठवड्यात दोघांचा प्रत्येकी एक अलीकडचा पेपर वाचून मेल लिही. 150 ते 200 शब्द, कुठली आकृती समजली नाही किंवा पुढे काय करता येईल ते एका वाक्यात, स्वतःच्या प्रोजेक्टमध्ये कोणती तंत्रं हाताने केली ते दोन वाक्यांत, मार्कशीट जोडलेली. 'आपल्या नामांकित प्रयोगशाळेत' अशी सुरुवात नको. दहा दिवसांत उत्तर आलं नाही तर एकदा आठवण द्यावी, दुसऱ्यांदा नको.