वाघ हिरवट छापतो म्हणून १ लाख ९० हजाराचं मशीन घ्यायचं का?

वडसा तालुक्यातून एका भाऊंनी विचारलंय. फ्लेक्सचं दुकान आहे, दिवाळीनंतर मंडईचे, म्हणजे गावजत्रेचे दिवस लागले की पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांची पोस्टरं, बाकी वर्षभर वाढदिवस अन् लग्नाचे बॅनर. मधात त्यांनी कॅनॉनचं ४४ इंची, बारा टाक्यांचं जुनं मशीन घेतलं, त्यावर ताडोबा-नागझिऱ्याकडच्या रिसॉर्टना वाघाचे मोठे कॅनव्हास आणि दोन-तीन चित्रकारांच्या चित्रांच्या प्रती काढून देतात. मागच्या सीझनला सहा कॅनव्हास परत आले, "वाघ हिरवट दिसते" म्हणून. आता डीलरने रंग मोजायच्या मशीनचं, म्हणजे स्पेक्ट्रोफोटोमीटरचं कोटेशन दिलंय, सॉफ्टवेअर आणि जीएसटी धरून १ लाख ९० हजार. पैसा तीन ठिकाणी आहे, अडीच लाखाची एफडी, बिनव्याजी पीककर्ज आणि घरातलं सोनं. कुठून काढू, असा प्रश्न.

भाऊ, मी म्हणतो यावर्षी कुठूनच काढू नका.

एका कॅनव्हासमागे शाई-मालाचे दोन हजार गेले असं तुम्हीच लिहिलंय, म्हणजे सहाचे झाले १२ हजार. रिसॉर्टवाल्याची नाराजी वेगळी, ती मी मोजत नाही असं नाही, पण १२ हजाराचं नुकसान थांबवायला १ लाख ९० हजार घालायचे असतील तर आधी हे तरी पक्कं पाहिजे की नुकसान त्याच कारणानं झालं. आणि तुमच्या पत्रात तेच कुठे दिसत नाही.

वाघ हिरवट यायला प्रोफाइलच, म्हणजे प्रिंटरच्या रंगांची नोंद असलेली फाईलच, चुकलेलं असावं लागत नाही. मॅजेंटाचं (गुलाबी शाईचं) नोझल, म्हणजे शाई सोडणारं बारीक छिद्र, बसलं की लाल-गुलाबी कमी पडते आणि सगळं चित्र हिरव्याकडे झुकते, मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जाते, मशीन चार दिवस बंद राहिलं की हेड सुकते, हे तुम्हाला फ्लेक्सच्या मशीनवरून माहीतच आहे. त्या सहा ऑर्डरच्या आधी नोझल चेक काढला होता का? दुसरं, ड्रायव्हरमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवरून प्रिंटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, कागदाचा प्रकार कोणता निवडला होता, कॅनव्हास लावून साधा कोटेड पेपर निवडला तर शाई किती सोडायची तेच चुकते. तिसरं, फोटोशॉपनेही रंग सांभाळायचा आणि ड्रायव्हरनेही सांभाळायचा असं दोन्हीकडे चालू राहिलं तर तो रंग कोणाच्या बापाला जुळणार नाही, फोटोशॉपमधून प्रोफाइल लावत असाल तर ड्रायव्हरचं कलर मॅनेजमेंट बंद पाहिजे. आणि चौथं, रिसॉर्टवाल्याने तो कॅनव्हास उघडून पाहिला कुठे? पोर्चवर हिरवी नेट बांधलेली असेल, नाहीतर खोलीत पिवळे एलईडी असतील, तं त्या उजेडात पांढरा कागदही पांढरा दिसत नाही. प्रिंट तपासायचा जो ठरलेला उजेड आहे तो ५००० केल्विनचा, दिवसाच्या उजेडाजवळचा. परत आलेला एक कॅनव्हास सकाळी दहा-अकरा वाजता अंगणात सावलीत धरून पहा, तिथेही हिरवट दिसला तर मग छपाईत गडबड आहे असं समजू. यातल्या एकाही गोष्टीला पैसा लागत नाही, आणि नोझल बसलेलं असताना १ लाख ९० हजाराच्या मशीननं प्रोफाइल बनवलं तर ती चूकच त्या प्रोफाइलमध्ये पक्की होऊन बसते.

आता समजा सगळं तपासलं आणि तरी रंग जुळत नाही. तेव्हा प्रोफाइल पाहिजे, बरोबर. पण प्रोफाइल पाहिजे म्हणजे प्रोफाइल बनवायचं मशीन पाहिजे असं नाही. प्रोफाइल ही एक फाईल आहे, तुमचं मशीन, तुमची शाई आणि अमुक कागद या तिघांची जोडी कोणत्या आकड्याला कोणता रंग देते त्याची नोंद. रंगाच्या शेकडो चौकटींचा चार्ट रंगात काहीही दुरुस्ती न करता छापायचा, एक दिवस सुकू द्यायचा, मग स्पेक्ट्रोनं एकेक ओळ वाचायची, की फाईल तयार. कागद बदलत नाही तोवर ते मशीन कपाटात पडून राहते. तुम्ही लिहिलंय चार प्रकारचे रोल वापरता. त्यातले दोन हाह्नेम्यूले आणि कॅन्सनचे, या कंपन्या आपल्या कागदांची प्रोफाइलं प्रिंटरच्या मॉडेलप्रमाणे वेबसाईटवर फुकट देतात, ती आधी उतरवून वापरून पहा. शिवाय तुमच्या प्रिंटरमध्ये आतच सेन्सर आहे, प्रिंटरचं स्वतःचं कलर कॅलिब्रेशन महिन्या-दोन महिन्यानं आणि हेड बदलल्यावर चालवलं की मशीन आपल्या मूळ जागेवर येते. त्यानं नवं प्रोफाइल बनत नाही, पण जुनं प्रोफाइल कामाचं राहते. राहिले ते दोन बिननावाचे कॅनव्हास रोल, खरी अडचण तिथेच आहे, आणि नागपूरवाला एका प्रोफाइलचे ३ हजार घेतो असं तुम्हीच सांगितलं. चार्ट गुंडाळून पाठवायचा, घडी घालायची नाही, फाईल मेलवर येते.

हिशेब मांडतो. स्पेक्ट्रो पाच वर्षं वापरला आणि शेवटी ४० हजाराला विकला असं धरलं तर वर्षाला ३० हजार झिजले. एफडी मोडल्यानं गेलेलं व्याज पहिल्या वर्षी १२ हजाराच्या घरात. कंपनी वर्षातून एकदा मशीन तपासून घ्यायला सांगते, त्याचा खर्च डीलरला विचारा, मी १० हजार धरतो. झाले वर्षाचे ५२ हजार. तेवढ्यात बाहेरून १७ प्रोफाइलं बनतात. तुम्हाला चारही रोलची वर्षातून दोनदा बनवायची म्हटली तरी आठ, म्हणजे २४ हजार, आणि खरं पाहता दोन रोलची एकदा बनवून भागते, ६ हजारात. मग ५२ हजार काहून घालायचे?

डीलर म्हणतो "टॅक्समध्ये निघून जाते". तुम्ही जीएसटीत कंपोझिशनला, म्हणजे छोट्या धंद्याच्या ठोक कराच्या योजनेत आहात, तिथे इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट, मिळत नाही, म्हणजे १ लाख ९० हजारातले जवळपास २९ हजार जीएसटीचे, ते गेले ते गेले. आणि रिटर्न तुम्ही उलाढालीवर ८ टक्के, डिजिटल पैशावर ६ टक्के नफा धरून भरता, त्या पद्धतीत घसारा वेगळा दाखवता येत नाही, तो त्यातच धरलेला असतो. म्हणजे टॅक्समधून तुमचा एक रुपया निघत नाही. डीलरला तुमचं रिटर्न माहीत नाही, तो सगळ्यांना हेच सांगतो.

पीककर्जाचं जरा सविस्तर सांगतो, काहून की हा मोह फक्त तुम्हाला झालेला नाही. डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत ३ लाखापर्यंतचं पीककर्ज ३० जूनच्या आत भरलं तर व्याज शून्य पडते, म्हणून हा फुकटाचा पैसा वाटते. पण तो पैसा रोवणीचा आहे, खत, मजुरी, ट्रॅक्टर. मशीनमध्ये घातला तर खरिपाला सावकाराकडे जाल किंवा दुकानाचा गल्ला उपसाल, आणि फेडायचा कशातून? धानाचा चुकारा कधी वेळेवर येते कधी लांबते, बोनसचं तर बोलूच नका. रिसॉर्टचा पैसा म्हणाल तर १ जुलैपासून कोर, म्हणजे जंगलाचा आतला भाग, पर्यटकांना बंद होते, उन्हाळाभर केलेल्या कामाची बिलं तेव्हा अर्धी थकलेली असतात. ३० जून चुकला की सवलत गेली, खातं थकीत दिसलं की पुढच्या वर्षीचं कर्जही अडलं. शेताच्या पैशानं दुकान आणि दुकानाच्या पैशानं शेत असं फिरवत राहिलं की दोन्हीकडे नेमकं काय चाललं ते कळत नाही. सोन्याचं एवढंच, ते घरच्या बाईला विचारल्याशिवाय या यादीत लिहायचंच नव्हतं.

मग आता काय घ्यायचं? मॉनिटरचा कॅलिब्रेटर. साधा कलरीमीटर, २५-३० हजारात येते, तो फक्त स्क्रीन मोजते, कागद नाही. तुम्ही वाघाचा रंग ज्या स्क्रीनवर पाहून ठरवता ती ऑफिसची स्वस्तातली स्क्रीन आहे, आणि मी पैज लावतो की तिचा उजेड फुल करून ठेवलेला असेल, म्हणून छापलेलं नेहमी काळपट वाटत असेल. प्रिंटच्या कामाला स्क्रीनचा उजेड ८० ते १२० कँडेला (उजेडाचं माप) पुरते. फक्त हे लक्षात ठेवा की कॅलिब्रेटरनं स्वस्त स्क्रीनची महाग स्क्रीन होत नाही, बाजूनं पाहिलं की रंग बदलते अशी जुनी स्क्रीन असेल तर आधी आयपीएस पॅनलची घ्या, कॅलिब्रेटर पुढच्या महिन्यात. हे चालू खात्यातून होण्यासारखं आहे, एफडीला हात लावायचं काम नाही. ती अडीच लाखाची एफडी तुमचा पावसाळा आहे, कोर बंद असते तोवर रिसॉर्ट नाही, नाटक नाही, आणि तेव्हाच प्रिंट हेड गेलं तर नवं हेड कशातून आणणार?

उद्या चित्रकारांचं काम वाढलं, प्रत्येकाला वेगळा कागद पाहिजे झाला, वर्षाला पंधरा-वीस प्रोफाइलं लागायला लागली, तर मात्र मशीन घ्याच, तेव्हा मीच सांगेन. मुद्रा योजनेत ५० हजार ते ५ लाखाचं किशोर कर्ज विनातारण मिळते, तेव्हा त्यातून पहा. पण कोटेशन नीट वाचा. आयवन प्रो ३ या स्पेक्ट्रोचे पॅक वेगवेगळे असतात, बेसिक पॅकच्या सॉफ्टवेअरनं प्रिंटरचं प्रोफाइल बनतच नाही, फोटो पॅकमध्ये आरजीबी (लाल-हिरवा-निळा) प्रिंटरचं बनते, पब्लिश पॅकमध्ये सीएमवायकेचंही (छपाईच्या चार शाया). तुम्ही रिप, म्हणजे छपाईचं वेगळं सॉफ्टवेअर, न लावता ड्रायव्हरमधून छापता, म्हणजे कॉम्प्युटरच्या लेखी तुमचं मशीन आरजीबी, तेव्हा पब्लिशचे जास्तीचे पैसे देऊ नका. तुमच्या कोटेशनवर पॅकचं नावच नाही, हे मला खटकलं. अजून एक, साध्या प्रो ३ चं मोजायचं छिद्र साडेचार मिलिमीटरचं, प्रो ३ प्लसचं आठ मिलिमीटरचं, कॅनव्हासच्या खडबडीत विणीवर मोठं छिद्र बरं पडते, आणि तुमचं निम्मं काम कॅनव्हासचं आहे.

जुना आयवन प्रो २ मिळाला तरी चालते, अर्गिल नावाचं फुकट सॉफ्टवेअर त्यावर चालते, शिकायला डोकं लावावं लागते, कमांड टाईप कराव्या लागतात. जुना घेताना मात्र त्याच्या पट्टीतली पांढरी टाईल पहा, तिच्यावरच मशीन आपलं मोजमाप जुळवून घेते, प्रत्येक मशीनची टाईल वेगळी असते, तिच्यावरचा सिरीयल नंबर आणि मशीनवरचा नंबर एकच पाहिजे. नंबर जुळत नसेल, किंवा "टाईल हरवली पण चालते जी" असं विकणारा म्हणाला, तर अर्ध्या किमतीतही घेऊ नका.