मे महिन्यात तीर्थनवर कुठली फ्लाय चालेल?

प्रश्न : आम्ही चौघं मेच्या शेवटी पुण्याहून हिमाचलला तीर्थन खोऱ्यात जातोय, मुक्काम गुशैणीजवळ. धरणावर गळ टाकायची सवय आहे पण ट्राउट (थंड पाण्यातला मासा) आणि फ्लाय फिशिंग (हुकवर पिसं-केस बांधून केलेल्या नकली किड्याने, म्हणजे फ्लायने मासे धरणं) पहिल्यांदाच. अॅडम्स आणि एल्क हेअर कॅडिस या ड्राय, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या, फ्लाय मागवल्यात, तेवढ्यावर भागेल का?

उत्तर : न्या, पण नुसत्या त्यांच्या भरवशावर जाऊ नका. मेअखेर वरचा बर्फ जोरात वितळत असतो, त्यामुळे नदी फुगलेली आणि पाणी बऱ्याचदा दुधाळ, मग वर तरंगणारी फ्लाय ट्राउटला नीट दिसत नाही आणि दिसली तरी एवढी धार कापून तो वर कशाला येईल, तो खाली दगडाच्या आडोशाला किंवा अगदी काठाला चिकटून थांबतो आणि वाहत समोर येईल ते खातो. म्हणून निम्फ हवी, म्हणजे पाण्याखाली बुडणारी फ्लाय. मणी लावलेली फेझंट टेल किंवा हेअर्स इअर, १२-१४ नंबरची, तळाजवळून वाहू द्या. पाणी फारच गढूळ असेल तर काळी वूली बगर (मोठी, झुबकेदार, बुडणारी फ्लाय) ८-१० नंबरची (नंबर जितका लहान तितका हुक मोठा, मागवताना इथे गोंधळ होतो).

वेळ सकाळचीच धरा. रात्रीच्या गारठ्याने बर्फ वितळणं मंदावतं म्हणून सकाळी पाणी त्यातल्या त्यात कमी आणि स्वच्छ मिळतं, ऊन तापलं की ते चढायला लागतं. आणि लांब फेकायच्या नादात मधल्या धारेत टाकत बसू नका, पायाजवळचं संथ पाणी आधी बघा, मासा तिथेच असतो! तुमच्या ड्राय फ्लायची खरी मजा सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये, पाणी नितळ झाल्यावर, तेव्हा १६ नंबर आणि बारीक ५एक्स टिपेट (दोरीच्या टोकाचा, फ्लाय बांधायचा धागा; ५एक्स ही त्याची जाडी).

प्रश्न : वेडर (पाण्यात उतरायची जलरोधक पँट) घ्यावेत का? लायसन्स लागतं का?

उत्तर : मेमध्ये वेडर नकोच, पाण्यात उतरूच नका हो, दगड गुळगुळीत आणि ओढ प्रचंड असते, काठावरून भरपूर जागा मिळतात. लायसन्स लागतंच, ते मत्स्य विभागाकडून आधी काढा आणि मासा किती मोठा असला तर ठेवता येतो, किती ठेवता येतात तेही तिथेच विचारून घ्या. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बंदी असते कारण ब्राउन ट्राउट तेव्हा अंडी घालतो. माझं मत विचाराल तर धरलेले सगळेच मासे परत पाण्यात सोडा, हुकच्या टोकाजवळचा उलटा काटा पकडीने दाबून टाका आणि मासा धरायच्या आधी हात ओले करा, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो.