मानेला मार लागला, कुस्ती सुटली: घरात गप्प बसलेल्या पैलवानाशी कसं वागायचं?

पैलवानाच्या घरची माणसं समुपदेशनाला येतात, तेव्हा त्यांचा प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो. "ऑपरेशन चांगलं झालं, पोरगं चालतंय-फिरतंय, पण बोलत नाही. कुस्ती बंद झाल्यापास्नं खोलीत पडून असतं. त्याला कशात गुंतवायचं?" नोकरी, दुकान, नाहीतर लग्न, असं काहीतरी लावून दिलं की मन वळेल, असं बापाला किंवा थोरल्या भावाला वाटत असतं. हाच प्रश्न घेऊन आलेल्या एका घराची ही हकिकत. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगा २३ वर्षांचा, कोल्हापूर जिल्ह्यातला. लहानपणापासून शहरातल्या तालमीत राहायला. मॅटवर ८६ किलो गटात, आणि जत्रेच्या मैदानात मातीवर. सरावात जोडीदारानं उचलून टाकलं, पाठ लागू नये म्हणून यानं अंग वळवलं आणि डोकं आधी टेकलं. मान पुढं वाकलेली असताना असं होतं तेव्हा दोघांचं मिळून पावणेदोनशे किलोच्या आसपास वजन मानेच्या मणक्यांवर सरळ उभं येतं. काही मिनिटं हातपाय हलेनात. पाय परत आले, हात पूर्ण आले नाहीत. सी-५, सी-६ आणि सी-७ या मणक्यांमधल्या दोन गाद्या मागं सरकून मज्जारज्जूवर दाबल्या गेल्या होत्या. शस्त्रक्रियेत त्या काढल्या आणि तिन्ही मणके प्लेट-स्क्रूनं जोडले. काही महिन्यांनी पुन्हा एमआरआय केला, तेव्हाही रज्जूत पांढरा डाग, म्हणजे इजेची खूण, दिसत होता.

अशा घरात आम्ही पहिल्यांदा एकच गोष्ट शोधतो: कुस्तीबद्दल त्याला नक्की काय सांगितलंय आणि कोणी? इथं चार माणसांनी चार गोष्टी सांगितल्या होत्या. सर्जननी वॉर्डाबाहेर थोरल्या भावाला सांगितलं होतं, "कुस्ती आता नाही." भावानं घरी येऊन सांगितलं, "वर्षभर नाही म्हणालेत." वस्ताद म्हणाले, "मान बसू दे, मग बघू." आणि भेटायला येणारा प्रत्येक जण विनेश फोगटचं नाव घ्यायचा. रिओला २०१६ मध्ये गुडघा गेला आणि २०१८ च्या एशियाडला तिनं सोनं आणलं, मग तुला काय झालंय?

कुणाच्याही मनात खोट नव्हती. पण या अर्धवट आशेनं जितकं नुकसान होतं तितकं स्पष्ट नकारानं होत नाही, हे आम्ही पुन्हा पुन्हा पाहतो. मुलगा पुढच्या एमआरआयची वाट बघत बसतो. नोकरीचा अर्ज भरत नाही, कारण तो भरणं म्हणजे कुस्ती सोडली असं कबूल करणं. दर तपासणीला त्याच्या पदरी नवी निराशा पडते आणि घरचे म्हणतात, हा काहीच मनावर घेत नाही.

विनेशचं उदाहरण इथं लागू का पडत नाही, ते नीट सांगावं लागतं. गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं तर बहुतेक वेळा अंगातलाच दुसरा स्नायूबंध घेऊन नवं बसवता येतं. नऊ महिने ते वर्षभर नेटानं फिजिओथेरपी केली तर अनेक खेळाडू परत उभे राहतात. मज्जारज्जू असा नव्यानं बसवता येत नाही. शिवाय जोडलेले मणके वाकत नाहीत, त्यामुळं त्यांचा ताण वरच्या-खालच्या गाद्यांवर जातो. एका ठिकाणचे मणके नीट जुळले आणि रज्जू निरोगी असली, तर काही खेळाडूंना परवानगी मिळतेही. दोन ठिकाणी जोड, रज्जूत डाग आणि हातात उरलेली कमजोरी, हे सगळं एकत्र असेल तर दुसरा मार कायमचं अंथरूण दाखवू शकतो.

म्हणून पहिलं काम नोकरी शोधायचं नाही. पहिलं काम म्हणजे सर्जन, मुलगा, आईवडील, भाऊ आणि वस्ताद यांची एकत्र बैठक. पहिली अट, प्रश्न मुलानं स्वतः आधी कागदावर लिहून न्यायचे. मणके जुळलेत का? डाग भरून येईल का? पुन्हा आपटलो तर काय होईल? आणि "कुस्ती" असा मोघम शब्द न वापरता एकेका गोष्टीचं नाव घेऊन विचारायचं: मॅटवरची स्पर्धा, मातीतली जोड म्हणजे लढत, नुसती खडाखडी (उभ्यानं एकमेकांना धरून झोंबणं), जोडीदाराबरोबर डाव घोटणं, जोर, सपाटे, ब्रिज (डोकं टेकवून मानेवर अंग तोलणं). नाहीतर पळवाट राहते. या मुलानं ती शोधलीच. "मातीत तरी? हौदातली माती मऊ असते," तो म्हणाला. डॉक्टरांनी त्याच्याकडं बघून उत्तर दिलं की माती पाठीला मऊ लागते. डोक्यावर पडल्यावर वजन मानेवरच येतं. दुसरी अट अशी की डॉक्टर मुलाशी बोलतील, बापाशी नाही. आणि तिसरी, जी सगळ्यात अवघड जाते: बाहेर आल्यावर "तरी बघू पुढं" हे वाक्य कुणीही उच्चारायचं नाही. वस्तादांना हे आधी एकटं गाठून सांगावं लागलं. ते बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "मी न्हाई म्हटल्याबिगर ते पोरगं मानायचं न्हाई. मीच सांगतो." त्यांनी सांगितलं, आणि त्या शब्दाला सर्जनच्या शब्दापेक्षा जास्त वजन होतं. पैलवानाच्या समुपदेशनात वस्तादाला बाजूला ठेवून काहीही साधत नाही, असं आमचं ठाम मत आहे.

बैठकीनंतर मुलगा दोन दिवस रडला. वडील घाबरले. त्यांना सांगितलं, त्याला गप्प करू नका, "पैलवान असून रडतोस?" असं तर चुकूनही नको. जवळ बसा, तेवढं पुरे.

मात्र हेच दिवस जोखमीचे असतात, म्हणून जिवाच्या सुरक्षिततेचं बोलणं बैठकीच्या आधीच करून ठेवायचं. मरणाचे विचार येतात का, हे सरळ विचारावं. विचारल्यानं विचार डोक्यात घुसतो हा गैरसमज आहे. उलट बहुतेकांना मोकळं वाटतं. नैराश्य मोजायला नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली असते, मागच्या दोन आठवड्यांबद्दलची. गुण ० ते २७. दहा किंवा वर गेले तर पुढची तपासणी करायची. नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल असतो, आणि त्याचं उत्तर "अजिबात नाही" सोडून काहीही आलं तर एकूण गुण कितीही कमी असोत, थांबून बोलायचं. या मुलाचे १७ आले आणि नवव्यावर "काही दिवस" अशी खूण होती. त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांकडं पाठवलं. गोळ्यांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे जातात, हे घरच्यांना आधी सांगितलं नाही तर आठव्या दिवशी गोळ्या बंद होतात. शेतकऱ्याच्या घरात आणखी एक काम त्याच दिवशी करायचं: फवारणीची औषधं, तणनाशक, उंदराचं औषध घरातून आणि गोठ्यातून हलवायचं, कुलपात ठेवायचं आणि किल्ली दुसऱ्याकडं द्यायची. रात्री-अपरात्री बोलायला माणूस हवा असेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

आईची तक्रार वेगळीच होती. "चुलतभावाच्या लग्नाला आला नाही. नवा शर्ट शिवला, घातला नाही. सदा ते गोल गळ्याचे बनियन." सगळे त्याला रुसवा समजत होते. समोर शर्ट दिला आणि वरचं बटण लावायला सांगितलं तेव्हा कळलं. अंगठा आणि तर्जनी बटण धरायची, काजापर्यंत न्यायची आणि तिथं ते निसटायचं. सहा-सात वेळा. माणूस उचलून टाकणाऱ्या हाताला बटण लागत नव्हतं आणि हे त्यानं घरात कुणालाही सांगितलं नव्हतं. मान दुखावलेल्या रुग्णाबद्दल हा प्रश्न जरूर विचारा: बटण, चावी, सही, भाकरीचा तुकडा मोडणं, मोबाईलवर टाईप करणं. ऑक्युपेशनल थेरपिस्टनं (रोजची कामं हातानं पुन्हा करायला शिकवणारा तज्ज्ञ) त्याला बटण ओढायची तारेची आकडी दिली आणि घरी करायचे व्यायाम: परातीतल्या तांदळातून हरभरे वेचणं, कपड्याचे चिमटे दोरीवर लावणं-काढणं, कणकेचा गोळा दाबणं. दिवसातून तीनदा, दहा-दहा मिनिटं. हाताचं कौशल्य कमी होत चाललं, चालताना तोल जायला लागला किंवा लघवीवरचा ताबा बिघडला, तर समुपदेशन थांबवून आधी सर्जन गाठायचा.

याच वेळी गावात "मान बसवून देणारा" कुणीतरी निघतोच. तालमीत मालिश आणि सांधे बसवणं ही रोजची गोष्ट असल्यानं घरच्यांना त्यात धोका वाटत नाही. प्लेट बसवलेली मान कुणालाही ओढू, झटकू किंवा कडकडू द्यायची नाही. पाठीवर, पायांवर हलकं मालिश चालेल. मानेला हात नाही.

दिवसाचं वेळापत्रक हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. तालमीतला मुलगा वर्षानुवर्षं पहाटे चारला उठलेला असतो. कुस्ती सुटली तरी डोळे चारलाच उघडतात, आणि पहाटे चार ते सात व दुपारी चार ते सात हे सरावाचे तास रिकामे पडतात. दिवसातली सगळ्यात वाईट वेळ विचारली की बहुतेक जण हेच तास सांगतात. म्हणून उपाय त्याच तासांवर करायचा. याला पहाटे अंधारात रस्त्यानं नाही, तर गावच्या शाळेच्या मैदानावर चालायला लावलं, कारण अडखळून पडणं परवडणारं नव्हतं. सुरुवात दहा मिनिटांची, दर आठवड्याला पाच मिनिटं वाढ, चाळीसपर्यंत. मणके जुळल्याचं एक्स-रेत दिसल्यावर फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली स्थिर सायकल आणि पायांचे व्यायाम. ब्रिज, शीर्षासन, सपाटे, खांद्यावर वजन घेऊन बैठका कायमच्या बंद. दुपारच्या तासांना गोठ्याचा हिशेब आणि डेअरीत दूध घालायला जाणं, कारण तिथं चार माणसं भेटतात. एका वहीत प्रत्येक कामापुढं ० ते १० मध्ये मन कसं होतं ते लिहायचं. या मुलाच्या वहीत डेअरीपुढं सहा आणि मोबाईलवर जुन्या कुस्त्या बघण्यापुढं दोन, असं आठवडाभर दिसलं. सल्ला द्यावा लागला नाही, त्यानं स्वतःच बघणं कमी केलं.

खुराकाचं गणितही त्यात येतं. सराव बंद झाला तरी घरात दोन लिटर म्हशीचं दूध, शंभर ग्रॅम बदामाची थंडाई आणि तूप सुरूच होतं. म्हशीचं दूध लिटरला हजाराच्या आसपास कॅलरी देतं, शंभर ग्रॅम बदाम जवळपास ५८० आणि शंभर ग्रॅम तूप ९०० च्या घरात. वजन ११ किलोनं वाढलं होतं आणि आरशात बघणं त्यानं सोडलं होतं. पण एका दिवसात ताट बदललं तर आईला वाटतं आपण पोराची आशा सोडली, आणि पोरालाही तेच वाटतं. आधी तूप निम्मं, मग थंडाई रविवारपुरती, मग दूध अर्धा लिटर. अंडी, डाळ, मटण योग्य प्रमाणात राहू द्यायचं, स्नायू टिकायला प्रथिनं लागतात.

लग्नाबद्दल एवढंच सांगतो की उपचार म्हणून लग्न लावू नका. त्या मुलीवरही तो अन्याय आहे.

तालमीत परत जायचं की नाही, यावर घरचे घाईनं निर्णय घेतात. कुणी गदा-ढाली ट्रंकेत भरून टाकतं, कुणी त्याला पहिल्याच दिवशी आखाड्याच्या कडेला नेऊन बसवतं. दोन्ही नको. इथं आधी सराव संपल्यावर, हौद रिकामा असताना पंधरा मिनिटं. नंतर लहान मुलांच्या सरावाला. सोबत वस्तादांचा पक्का नियम की लंगोट चढवायचा नाही, "जरा हा डाव दाखव" म्हणून कुणीही त्याच्या अंगाला हात लावायचा नाही. काही आठवड्यांनी वस्तादांनी त्याच्या हातात शिट्टी आणि गुणपाटी दिली. पाठ लागली की निकाल, अशा मातीतल्या निकाली कुस्तीवर वाढलेल्या मुलांना मॅटचे गुण पटकन उमगत नाहीत: तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मध्ये तीस सेकंद, रेषेबाहेर ढकललं तर एक, खाली घेऊन ताबा मिळवला तर दोन, उचलून थेट पाठीवर टाकलं तर चार, फ्रीस्टाईलमध्ये दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती संपली. हे तो चांगलं शिकवायचा. डोकं वर ठेवून पट कसा काढायचा, म्हणजे पाय धरून कसं पाडायचं, पडताना हनुवटी कशी सांभाळायची, यावर तर त्याच्याइतकं कळकळीनं बोलणारा दुसरा नव्हता.

पोटापाण्याचा विषय यानंतर घेतला, आधी नाही. घरच्यांच्या डोक्यात पोलीस भरती होती. खाशाबा जाधव १९५२ ला हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आले आणि पुढं पोलीस खात्यात गेले, तेव्हापासून आपल्याकडच्या पैलवानांची ती ठरलेली वाट आहे. पण धावणं, गोळाफेक आणि वैद्यकीय तपासणी या मानेला झेपणारी नाही, हे लवकर सांगितलेलं बरं. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे आणि त्यात कार्यालयीन पदंही असतात. त्यासाठी स्पर्धेची मूळ प्रमाणपत्रं क्रीडा खात्याच्या विभागीय उपसंचालकांकडून पडताळून घ्यावी लागतात. याला वेळ लागतो, म्हणून जाहिरात निघायची वाट न बघता आधीच अर्ज करायचा. जिल्हा रुग्णालयात अपंगत्वाची तपासणीही करून घ्यायची; प्रमाण ४० टक्के किंवा जास्त निघालं तर वेगळे लाभ मिळतात. मुलं याला लाजतात. नाव कमीपणाचं वाटलं तरी कागद हातात असू द्यावा. प्रशिक्षक व्हायचं असेल तर पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचे अभ्यासक्रम आहेत, पण प्रवेशाआधी प्रत्यक्ष डाव दाखवण्याच्या चाचणीबद्दल विचारून घ्यावं.

सध्या तो पंचांच्या परीक्षेची तयारी करतो आहे. पदवीचं राहिलेलं शेवटचं वर्ष मुक्त विद्यापीठातून पूर्ण करायला अर्ज केला आहे. प्रश्नावलीचे गुण सातवर आले आहेत, गोळ्या सुरू आहेत, आणि त्या कधी कमी करायच्या हे मनोविकारतज्ज्ञ ठरवतील. जत्रांचा हंगाम सुरू झाला की मन खाली जातं. त्या आठवड्यांसाठी त्याची भेट पंधरवड्याऐवजी दर आठवड्याला ठेवली आहे, आणि मैदानाला जायचं की नाही हे दर वेळी त्याचं तोच ठरवतो.