लेकीच्या बाळंतपणात मी परकी झाले का?

ताई, माझी लेक बंगळूरला नोकरी करते. पहिलटकरीण आहे, सातव्या महिन्यात इंदूरला माझ्याकडे येतेय. परवा फोनवर म्हणाली, ‘आई, मी डौला, म्हणजे बाळंतपणात सोबत करणारी बाई, ठरवलीय. कळा सुरू झाल्या की ती आणि हे माझ्याजवळ थांबतील. तू बाहेर बस, तू फार घाबरतेस.’ तेव्हापासून मला अन्न गोड लागत नाही. माझ्या वेळी मी रात्रभर एकटी ओरडत होते, कोणी डोकावलंसुद्धा नाही. लेकीवर ती वेळ येऊ नये म्हणून तर मला तिच्याजवळ राहायचंय. पैसे देऊन आणलेली बाई आईची जागा घेणार का?
– एक आई, सुदामानगर, इंदूर

ताई,

‘तू बाहेर बस’ हे कुठल्या आईच्या मनाला लागणार नाही? पण तुमच्या पत्रातल्या त्या रात्रीपाशी मी थबकले. लेक आता स्वतः आई व्हायला आली, तरी ती रात्र तुमच्या मनातून गेलेली नाही. बाळंतपणाचा विषय निघाला की तुमचा आवाज बदलत असणार आणि लेकीला ते लहानपणापासून ठाऊक असणार. तुमच्यावर जे गुदरलं ते आपल्यावर गुदरू नये, म्हणूनच तिने सोबतीची सोय केली आहे. तुम्हालाही तेच हवं होतं ना?

आता डौलाचं काम. ती सुईण नाही आणि नर्सही नाही. आतून तपासणं, बाळाचे ठोके बघणं, औषध देणं, टाके घालणं यातलं काहीही ती करत नाही आणि करूही नये. ते डॉक्टर-नर्सचं काम. पण डॉक्टर येऊन तपासून जातात, नर्सची पाळी बदलते, आणि पहिलटकरणीच्या कळा बारा-बारा तास चालू शकतात. एवढा वेळ जी हलत नाही ती डौला.

माझ्या भाचीच्या वेळी मी हे जवळून पाहिलं. कळ आली की भाची पलंगाच्या कठड्यावर ओणवी व्हायची. डौला तळहाताच्या टाचेने तिच्या कमरेखाली, माकडहाडाच्या जरा वर, चांगला जोर देऊन दाबून धरायची आणि कळ ओसरली की हात सैल करायची. मधल्या वेळात पाण्याचे दोन घोट, लघवीला जाऊन ये म्हणून आठवण, थोडं चालवणं, कुशीवर वळवणं. डॉक्टर काही बोलून गेले की सोप्या शब्दांत पुन्हा सांगायची, पण निर्णय भाचीवरच सोडायची. नवरा बावरून कोपऱ्यात उभा होता, त्यालाही तिने कंबर दाबायला शिकवून कामाला लावलं.

सोबतीचा उपयोग होतो हे तपासूनही पाहिलेलं आहे. २०१७ मध्ये कॉक्रेन या संस्थेने १७ देशांतल्या १५ हजारांहून जास्त बायकांवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला. कळांच्या काळात ज्यांच्याजवळ सतत कुणीतरी होतं, त्यांच्यात सिझेरियन कमी झालं, कळांचा वेळ थोडा कमी झाला आणि बाळंतपणाची कडू आठवण घेऊन घरी जाणाऱ्याही कमी निघाल्या. ही सोबतीण कुठे नर्स होती, कुठे डौला, तर कुठे घरचंच माणूस. म्हणजे आईची सोबतही कमी मोलाची नाही. फक्त ते माणूस बाळंतिणीच्या पसंतीचं हवं. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१८ मध्ये तेच सांगितलं आहे. म्हणून आत कोण थांबणार हे लेकच ठरवेल. इथे मी तुमची बाजू घेणार नाही, राग मानू नका.

तरी तिच्याशी एकदा बोला. ‘मला आत घे’ म्हणून नको. त्या रात्री काय झालं ते सगळं सांगा, शांतपणे, एकदाच. बहुतेक तिने ते तुकड्या-तुकड्यांनीच ऐकलं असेल. मग म्हणा, ‘तुझ्या डौलाला भेटायचंय मला.’ चांगली डौला आईला टाळत नाही. कंबर कशी दाबायची ते तिच्याकडून शिकून घ्या, कारण सुरुवातीच्या कळा घरीच काढायच्या असतात आणि तेव्हा हात तुमचेच असतील. तिने शिक्षण कुठे घेतलं, ती अडकली तर बदली कोण येणार, हेही विचारा. आपल्याकडे या कामाला सरकारी परवाना नसतो, म्हणून विचारलेलं बरं.

हॉस्पिटलमध्ये मात्र आत्ताच चौकशी करा. सरकारी रुग्णालयांत कळांच्या वेळी सोबतीला माणूस ठेवायची मुभा केंद्र सरकारने २०१६ मध्ये दिली. खासगी ठिकाणी ज्याचा त्याचा नियम. बऱ्याच ठिकाणी एकालाच आत सोडतात, मग डौला की जावई हा वाद ऐन वेळी दारात होतो. सिझेरियन झालं तर डौलाला कुठवर येता येईल, तेही विचारून ठेवा.

आणि पुढचा सव्वा महिना तुमचाच आहे. डौला घरी दोन-चार चकरा मारेल, बाळाला अंगावर घ्यायला मदत करेल. पण रात्री तीनला रडणारं बाळ खांद्यावर घेणं, लेकीला गरम जेवण हातात देणं, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेजारीण आणून देईल तो सुंठ-गुळाचा हरीरा, हे सगळं तुमच्याकडे. खटका उडेल तो बाळगुटीवरून. डौला आणि बाळाचे डॉक्टर दोघंही सांगतील की पहिला चीक पाजायचाच आणि सहा महिने आईच्या दुधाशिवाय मध, गुटी, पाणी काही नाही. तिथे त्यांचं ऐका.

एक गोष्ट फ्रिजवर लिहून लावा. अंगावरून रक्त गेलं, पाणी जायला लागलं, बाळाची हालचाल कमी वाटली, डोकं फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर आधी हॉस्पिटल. डौलाला गाडीत बसल्यावर फोन करा.