सिग्नलला गाडी उचलत नाही? आधी हे बघ

भाऊ, तुझी डिझेल एसयूव्ही सिग्नलला उचलत नाही म्हणून लगेच टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) बदलायला निघू नकोस. डिझेल एसयूव्ही १५०० आरपीएमच्या (इंजिनाचे मिनिटाला फेरे) खाली जरा सुस्तच असते, टर्बोला प्रेशर धरायला वेळ लागतो. पण आधी नीट उचलणारी गाडी आता रेंगाळते म्हणतोस, म्हणजे काहीतरी बिघडलंय.

क्लचपासून सुरुवात कर. मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये, ५०च्या आसपास, ॲक्सिलरेटर पूर्ण दाब. आरपीएमचा काटा सर्रकन वर गेला आणि वेग तिथेच राहिला, तर क्लच प्लेट घासलीय.

क्लच ठीक असेल तर इंजिन थंड असताना बॉनेट उघड. एअर फिल्टर काळाकुट्ट असेल तर बदल, स्वस्तातलं काम आहे. पण माझा पहिला संशय इंटरकूलरच्या (टर्बोची गरम हवा थंड करणारी जाळी) रबरी पाइपवर. टर्बोने दाबलेली हवा चिरेतून निसटते, जोर देताना फुस्स आवाज येतो, मागून काळा धूर. क्लिपजवळ थोडं तेल असतंच. पण ओला, धूळ चिकटलेला पट्टा दिसला तर पाइपच्या खालच्या बाजूने बोट फिरव. चीर बरेचदा तिथे असते, वरून बघणाऱ्या मेकॅनिकलाही दिसत नाही.

पाइप धड निघाला, तर मेकॅनिकला स्कॅनर लावून बूस्ट प्रेशर (टर्बोच्या हवेचा दाब) आणि एअर फ्लो सेन्सरचं रीडिंग बघायला सांग. काजळीने अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप) आणि तुंबलेला डिझेल फिल्टरही त्याच फेरीत तपासून घे.

आणि हो, थोडं चालवून झाल्यावर चारही चाकांजवळ हात ने (रिमला लावू नकोस, भाजेल). एकच चाक जास्त तापलं असेल, तर ब्रेक चिकटतोय, इंजिन बिचारं निर्दोष आहे.