परसबागेतील राक्षसी भोपळा: वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

प्रश्न: आम्ही कॅनडात ऑन्टारिओ प्रांतात राहतो. गेल्या वर्षी दुकानातून ‘अटलांटिक जायंट’ या भोपळ्याच्या बियांचे पाकीट आणून परसात दोन वेल लावले. वेल कुंपणापर्यंत पसरले, भोपळे सात-आठ लागले, पण त्यांतला सर्वांत मोठा जेमतेम पंधरा किलोचा भरला. इथल्या जत्रेत पाचशे-सहाशे किलोची फळे आम्ही पाहिली आहेत. आमचे कोठे चुकले?

उत्तर: सात-आठ भोपळे लागले, हेच मुख्य कारण आहे. पानांनी तयार केलेली साखर जितक्या फळांत वाटली जाईल तितके प्रत्येक फळ लहान राहणार. जत्रेतले मोठे फळ बहुधा आपल्या वेलावरचे एकुलते एक फळ असते.

दुसरा भाग बियाण्याचा आहे. ‘अटलांटिक जायंट’ हे वाण कॅनडाच्याच नोव्हा स्कोशिया प्रांतातील विंडसर गावच्या हॉवर्ड डिल या शेतकऱ्याने वर्षानुवर्षे निवड करून घडवले आणि १९८१ साली त्यांच्या सुमारे २२४ किलोच्या फळाने जागतिक विक्रम केला. २०२५च्या ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधील लिमिंग्टनच्या इयान आणि स्टुअर्ट पॅटन या जुळ्या भावांचा भोपळा १,२७८.८ किलो भरला. या पाचपटींहून मोठ्या वाढीत मशागतीचा वाटा आहेच, पण उत्तम फळांचा आपसात संकर करून बी राखणाऱ्या हौशी बागायतदारांचा वाटाही तेवढाच मोठा आहे. त्यांच्या बियांवर फळाचे वजन, बागायतदाराचे आडनाव आणि वर्ष लिहिलेले असते. दुकानातल्या पाकिटातील बियांची अशी वंशावळ कळत नाही, म्हणून जवळच्या भोपळा-मंडळाकडून, म्हणजे मोठे भोपळे वाढवणाऱ्या हौशींच्या संघटनेकडून, एखादे तरी नावानिशी बी मिळवावे, असा माझा आग्रह आहे.

आता प्रत्यक्ष लागवडीकडे वळू. फळाचा आकार फळ धरण्यापूर्वीच बराचसा ठरलेला असतो, कारण फळ धरते त्या दिवशी वेलावर किती पाने आहेत आणि जमिनीत किती मुळे आहेत, यावर पुढचे सारे अवलंबून असते. म्हणून एप्रिलच्या अखेरीस बियांच्या कडा कानशीने हलक्या घासून, टोकाला धक्का न लावता, त्या घरातच उबदार जागी रुजत घालाव्यात आणि फ्रॉस्टचा, म्हणजे रोपे गोठवणाऱ्या थंडीचा, धोका टळल्यावर रोपे बाहेर लावावीत. सुरुवातीचे काही आठवडे त्यांवर प्लॅस्टिकचे छोटे छप्पर घालावे. एका वेलाला किमान तीनशे-चारशे चौरस फूट जागा हवी. तुमच्या परसात दोन वेलांची दाटी झाली असणार. यंदा एकच लावावा.

मुख्य वेल सरळ एका दिशेने न्यावा, त्याच्या दोन्ही बाजूंना फुटणारे उपवेल काटकोनात पसरू द्यावेत आणि उपवेलांना फुटणारे धुमारे खुडून टाकावेत. वेलाच्या प्रत्येक पेरापाशी मूळ फुटण्याची तयारी असते; त्या पेराखालची माती थोडी उकरून, पेर त्यात दाबून, वर ओंजळभर ओले कंपोस्ट घातले की काही दिवसांत तेथे नवे मूळ धरते. हे काम कंटाळवाणे आहे, रोज संध्याकाळी वाकून करावे लागते, पण बुंध्यापासून दूरच्या पानांना जागच्या जागी पाणी आणि अन्न मिळते ते याच मुळांमुळे. नेमके हेच काम पुष्कळ लोक टाळतात.

बुंध्यापासून तीन-साडेतीन मीटरच्या आत लागणारी मादीफुले खुडावीत. त्यापुढचे मादीफूल, शक्यतो जूनअखेर ते जुलैच्या पहिल्या आठवड्यात उमलणारे, निवडावे. उमलण्याच्या आदल्या संध्याकाळी त्याची कळी सुतळीने सैल बांधावी, म्हणजे मधमाश्या आधी पोहोचणार नाहीत. पहाटे ताज्या नरफुलाच्या पाकळ्या काढून उरलेला परागाचा दांडा मादीफुलातील प्रत्येक पाळीवर हळुवार फिरवावा. ऊन चढण्यापूर्वी हे उरकावे. अशी दोन-तीन फळे धरू द्यावीत आणि दोन-अडीच आठवड्यांनी त्यांतले सर्वांत जोमदार ठेवून बाकीची निर्दयपणे काढावीत. हात थबकतो हे खरे, पण येथे दया दाखवली की गेल्या वर्षीचीच गत होईल.

प्रश्न: माझा भोपळा ऑगस्टमध्ये झपाट्याने वाढत होता आणि एका सकाळी देठाजवळ उभा तडकलेला दिसला. खत तर भरपूर दिले होते. असे का व्हावे? (न्यू जर्सी, अमेरिका)

उत्तर: खत भरपूर दिल्याचे तुम्ही लिहिले आहे, त्यातच शंका घेण्यास जागा आहे. ऐन वाढीच्या दिवसांत चांगल्या वेलावरचे फळ दिवसाला पंधरा-वीस किलोने वाढते. साल त्या वेगाने ताणली गेली नाही तर ती फाटते. त्या काळात नत्राचा जादा मारा केला, किंवा कोरड पडल्यानंतर एकदम मुबलक पाणी दिले, तर वाढीला झटका बसतो. पाणी रोज, ठरावीक वेळी आणि सारखेच द्यावे. लागवडीआधी माती परीक्षण करून घ्यावे, मातीचा सामू (pH) ६.५ ते ६.८च्या आसपास असला आणि वाफ्यात कुजलेले शेणखत असले, तर उन्हाळ्यात खताची फारशी गरज राहत नाही.

उन्हाचाही दोष असतो. थेट उन्हाने साल लवकर कडक होते, म्हणून फळावर पहिल्या आठवड्यांपासून पांढऱ्या कापडाची सावली करावी. देठाकडेही लक्ष हवे. फळाचे खांदे फुगले की ते वेलाला वर ढकलतात, आणि वेल जागच्या मुळांनी जखडलेला असेल तर सगळा ताण देठावर येतो. यासाठी फळाच्या दोन्ही बाजूंना हातभर अंतरातील पेरांची मुळे तोडावीत आणि फळ नारळाएवढे असतानाच वेल रोज थोडा-थोडा वळवून देठाशी काटकोन साधावा. हे दुपारी उशिरा करावे, कारण सकाळी वेल पाण्याने टरारलेला असतो आणि पटकन मोडतो.

तडकलेले फळ वाचवण्यासारखे नसते. भेग आतल्या पोकळीपर्यंत गेली असेल तर ते स्पर्धेतही बाद ठरते.

प्रश्न: मुलगा टोरोंटोहून अशा भोपळ्याच्या बिया आणणार आहे. पुण्यात गच्चीवर मोठ्या ड्रममध्ये वेल वाढवता येईल का?

उत्तर: बिया आणू नयेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे. परदेशातून भारतात बियाणे आणण्यासाठी आयात परवाना आणि त्या देशाचे वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते. बियांसोबत नवे विषाणू किंवा बुरशी येऊ नये यासाठी हा नियम आहे आणि तो हौशी बागायतदारालाही लागू आहे.

शिवाय ड्रम पुरणार नाही. पेरापेरांवरची मुळे हेच या पिकाचे बळ आहे आणि गच्चीवर ती धरणार कोठे? हवामानाचाही प्रश्न आहे. टोरोंटोत जूनमध्ये पंधरा तासांहून अधिक उजेड असतो, तर पुण्यात हिवाळ्यात तो सुमारे अकरा तासच मिळतो. पावसाळ्यात दिवस मोठा असला तरी आभाळ झाकोळलेले असते आणि केवडा व भुरी हे पानांवरचे रोग आणि फळमाशी यांचा उपद्रव वाढतो.

मात्र हौस सोडू नये. तुमच्याकडे किंवा गावाकडे जमिनीचा तुकडा असेल, तर आपल्या तांबड्या भोपळ्याचे खात्रीचे देशी बी घेऊन, पावसाळा सरल्यावर, वर सांगितलेल्या पद्धतीनेच एका वेलावर एकच फळ धरावे. फळमाशीसाठी कोवळे फळ जुन्या सुती कापडात सैल गुंडाळून ठेवावे.

प्रश्न: एवढ्या मोठ्या भोपळ्याचे घारगे होतात का?

उत्तर: विषारी औषधे फवारली नसतील तर खाता येतो, पण त्याचा गर पाणचट, रेषाळ आणि कमी गोड असतो. घारग्यांसाठी बाजारातला तांबडा भोपळाच घ्यावा.