१९९० सालचा ‘रेलरोड टायकून’ हा खेळ लोक आजही का खेळतात?

आपण विचारले आहे की, रेल्वे कंपनी उभारून चालवण्याचा, मोजक्या रंगांचा आणि आजच्या मानाने अगदी साध्या चित्रांचा हा संगणकावरचा खेळ तीन दशकांनंतरही का टिकून आहे, आणि त्यामागे जुन्या आठवणींच्या ओढीपलीकडे काही आहे का. मी हा खेळ आजही आवडीने खेळतो, आणि आठवणी हे त्याचे मुख्य कारण आहे असे मला वाटत नाही. माझ्या मते कारण खेळाच्या रचनेतच आहे. भूगोल आणि कर्ज हे येथे दोन वेगळे विषय राहतच नाहीत. रुळाचा जो तुकडा आपण जमिनीवर टाकतो, त्याच्याबरोबर कंपनीच्या पुढच्या कित्येक वर्षांच्या खर्चाचा आणि उत्पन्नाचाही निर्णय होऊन जातो.

सुरुवातीला हाती दहा लाख डॉलर असतात, पण त्यातले निम्मे भागधारकांचे आणि निम्मे कर्जाचे असतात. समजा, दोन शहरे जोडायची आहेत आणि मध्ये डोंगर आहे. सरळ मार्ग टाकायला गेलो तर खेळ चढाची टक्केवारी दाखवतो आणि विचारतो, की तसाच मार्ग टाकायचा, बोगदा खणायचा की बेत सोडायचा. चढावर गाडी मंदावते. टपाल आणि प्रवासी यांचे उत्पन्न वेगावर बरेच अवलंबून असल्यामुळे तो चढ एकदाच नव्हे, तर प्रत्येक फेरीला उत्पन्न खात राहतो. वळसा घालावा तर रूळ जास्त लागतात, बोगदा घ्यावा तर गंगाजळी आटते, आणि त्यासाठी कर्जरोखे काढावेत तर व्याज सुरू होते. शिवाय तेजीत व्याज उतरते आणि मंदीत चढते. नदीवरच्या पुलाचेही तसेच आहे. लाकडी पूल स्वस्त असतो पण पुरात वाहून जाऊ शकतो, दगडी पूल टिकतो पण पहिल्या काही वर्षांत तो परवडतच नाही.

कर्जतला गाडीच्या मागे बँकर, म्हणजे चढावर गाडी ढकलणारी जादा इंजिने लागताना ज्यांनी पाहिले आहे, त्यांना चढाची किंमत वेगळी समजावून सांगायला नको. बोरघाटाचा चढ सदतिसास एक, म्हणजे सुमारे २.७ टक्के आहे, आणि १८६३ साली घाट खुला झाल्यापासून तेथल्या वाहतुकीला हा अतिरिक्त भार सोसावा लागला आहे. मात्र पैशाच्या बाबतीत आपल्याकडची गोष्ट अगदी निराळी होती. हा घाटमार्ग बांधणाऱ्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या भागधारकांना गुंतवणुकीवर पाच टक्के परताव्याची सरकारी हमी होती, त्यामुळे मार्ग महाग झाला तरी त्यांचे फारसे बिघडत नव्हते. तोटा येथल्या तिजोरीवर पडत होता. ‘रेलरोड टायकून’मध्ये अशी हमी कोणी देत नाही. हमीच्या आधारावर हा खेळ रचला असता, तर त्यात खेळण्यासारखे फार थोडे उरले असते असे मला खात्रीने वाटते.

दर दोन वर्षांनी हिशेब समोर येतो. भागधारक नाराज झाले तर ते आपल्याला पदावरून काढू शकतात, आणि प्रतिस्पर्धी कंपनीने आपले निम्म्याहून अधिक समभाग विकत घेतले तर कंपनीच हातातून जाते. त्यामुळे रूळ किती टाकायचे, या प्रश्नाइतकाच स्वतःच्या कंपनीचे समभाग केव्हा परत घ्यायचे हा प्रश्नही महत्त्वाचा ठरतो. प्रतिस्पर्ध्याच्या शहरात स्थानक बांधले की दरयुद्ध पेटते, आणि शेवटी त्या शहरात एकच कंपनी उरते.

मालाची साखळीही विचारपूर्वक जोडलेली आहे. कोळसा पोलादाच्या गिरणीत नेला की पोलाद तयार होते, पोलाद कारखान्यात नेले की पक्का माल तयार होतो, आणि तो माल शहरात विकला जातो. या साखळीच्या टप्प्यांवर जर आपल्याच गाड्या भरून धावत असतील, तर एका मार्गातून अनेक वेळा उत्पन्न मिळते. डोंगर आणि नद्या नकाशावर जागच्या जागी राहतात, पण खाणी आणि कारखाने दर खेळात वेगळ्या ठिकाणी निघतात, म्हणून गेल्या वेळचा मार्ग या वेळी उपयोगी पडतोच असे नाही. त्यातून गाड्यांची संख्या बत्तिसांवर जाऊ शकत नाही. ही मर्यादा त्या काळच्या संगणकांमुळे आली असावी, तरी तिचा परिणाम उत्तम झाला आहे, कारण काही दशकांनंतर नवी गाडी घेण्याऐवजी जुनी कोणती बंद करायची याचा विचार करावा लागतो.

हा समतोल योगायोगाने साधलेला नाही. मायक्रोप्रोझ कंपनीसाठी सिड मायर यांनी हा खेळ घडवला आणि त्यांच्याबरोबर ब्रूस शेली होते. शेली यांनी त्याआधी ॲव्हलॉन हिल या कंपनीत ‘१८३०’ या पटावरच्या खेळावर काम केले होते. फ्रान्सिस ट्रेशम यांनी रचलेल्या त्या खेळात रूळ टाकण्याइतकेच समभागांच्या डावपेचांना महत्त्व आहे. पुढच्याच वर्षी या दोघांचा ‘सिव्हिलायझेशन’ आला आणि त्याची कीर्ती अधिक पसरली. तरीही त्यातले अनेक गुण मला ‘रेलरोड टायकून’मध्ये अधिक आटोपशीर रूपात दिसतात.

क्रिस सॉयर यांचा १९९४ सालचा ‘ट्रान्सपोर्ट टायकून’ अनेकांना अधिक प्रिय आहे, आणि सिग्नल व जंक्शन यांची रचना करण्याचा आनंद त्यात निश्चितच मोठा आहे. परंतु तेथे काही वर्षांनी पैसा इतका साठतो की खर्चाचा विचारच मागे पडतो. ‘रेलरोड टायकून’मध्ये, विशेषतः वरच्या पातळ्यांवर, पैशाची चणचण दीर्घकाळ जाणवते, आणि मला तीच आवडते.

या खेळात जे नाही, तेही सांगितले पाहिजे. पश्चिम अमेरिकेचा नकाशा १८६६ साली सुरू होतो आणि तो जणू रिकामा असतो. ज्या मूळ रहिवाशांच्या भूमीतून हे मार्ग गेले ते त्यात नाहीत, आणि सिएरा नेवाडाचे पर्वत फोडणारे हजारो चिनी मजूरही नाहीत. बोरघाटाच्या बांधकामातही हजारो मजूर मृत्युमुखी पडले होते. पडद्यावर बोगद्याची किंमत फक्त डॉलरमध्ये दिसते, आणि हा खेळ आवडत असूनही ही त्रुटी मला लहान वाटत नाही.

आपल्याला तो खेळून पाहायचा असेल, तर मूळ आवृत्ती २००६ साली विनामूल्य उपलब्ध करून देण्यात आली होती आणि ती ‘डॉसबॉक्स’ या आज्ञावलीच्या मदतीने आजच्या संगणकांवर चालते. पूर्व अमेरिकेच्या नकाशापासून सुरुवात करावी. तो १८३० मध्ये सुरू होतो, शहरे फार दूर नसतात आणि पहिले इंजिन दुबळे असल्यामुळे चढाचे महत्त्व लगेच कळते. ‘इन्व्हेस्टर’ ही सर्वांत सोपी पातळी निवडावी, पण मालाच्या मागणीचे गुंतागुंतीचे नियम दुसऱ्यांदा खेळतानाच चालू करावेत, कारण त्यांच्याशिवाय नकाशाचा निम्मा अर्थ दिसत नाही. पहिला मार्ग सपाट जमिनीवरच्या दोन मोठ्या शहरांमध्ये टाकावा. त्या मार्गावरची गाडी नियमित नफा देऊ लागेपर्यंत नवे कर्जरोखे काढू नयेत, आणि तेजी आली की जास्त व्याजाचे जुने रोखे फेडून कमी व्याजाचे नवे घ्यावेत.